‘कशाच्या तुलनेत?’ : पैलवानाचा खुराक, प्लासिबो आणि माझ्या चॅप्टरमधलं एक खोडलेलं वाक्य



या वेळचा लेख एका खोडलेल्या वाक्याबद्दल आहे. वाक्य माझंच आहे. कोल्हापूरच्या तालमी आणि पैलवानांच्या खुराकाचा इतिहास हा माझा पीएचडीचा विषय, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. तिसऱ्या चॅप्टरच्या कच्च्या खर्ड्यात मी झोकात लिहून टाकलं होतं : ‘बदामाची थंडाई, हौद्यातली हळद-ताक घातलेली लाल माती आणि मारुतीचा अंगारा यांचा पैलवानाच्या कामगिरीवर होणारा परिणाम हा मुख्यतः प्लासिबो परिणाम होता.’

वाक्य लिहून झाल्यावर मला वाटलं, आपण काहीतरी आधुनिक, वैज्ञानिक बोललो. मॅडमकडून खर्डा परत आला. त्या वाक्यावर लाल रेघ होती आणि बाजूला दोनच शब्द होते : ‘कशाच्या तुलनेत?’

मला आधी राग आला. मग दोन महिने त्या दोन शब्दांच्या मागे गेले. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहितायत, पेट-नेटची तयारी करतायत, त्यांना या दोन महिन्यांचा उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट लावून घेऊ

प्लासिबो हा लॅटिन शब्द, अर्थ ‘मी संतुष्ट करीन’. औषध म्हणून दिलेली, पण ज्यात औषध नाही अशी गोळी किंवा इंजेक्शन, हा त्याचा ढोबळ अर्थ आपल्याला माहीत असतो. घोळ पुढच्या पायरीवर होतो.

समजा, एका पोराला तुम्ही साखरेची गोळी दिली आणि सांगितलं की ही ताकदीची गोळी आहे. चार आठवड्यांनी त्याच्या बैठका वाढल्या. हा प्लासिबोचा परिणाम झाला का? लगेच ‘हो’ म्हणू नका. त्या चार आठवड्यांत तो रोज मेहनत करत होता. वय वाढीचं असेल. पहिल्या दिवशी कदाचित त्याचं अंग कसकसत असेल, म्हणून सुरुवातीचा आकडाच कमी आला असेल. आपल्याला मोजतायत हे कळल्यावर माणूस जरा जास्तच जोर लावतो, तेही आहेच. या सगळ्याची बेरीज म्हणजे गोळीनंतर दिसलेला बदल. त्यातला ‘मला औषध मिळालंय’ या समजुतीमुळे आलेला वाटा तेवढाच प्लासिबो परिणाम. तो वेगळा काढायचा तर शेजारी दुसरा गट लागतो. तीच मेहनत, तेच दिवस, तेच मोजमाप, फक्त गोळी नाही.

म्हणजे ‘प्लासिबो’ हे नुसतं वर्णन नाही, ते वजाबाकीचं उत्तर आहे. आणि वजाबाकीला दोन आकडे लागतात. माझ्याकडे एकच होता, तोही धड आकडा नव्हता. ‘कशाच्या तुलनेत?’चा पहिला अर्थ हा.

गोष्ट स्नायूंपासूनच सुरू होते

आपण समजतो की प्लासिबोची कल्पना दवाखान्यात जन्मली आणि पुढे मैदानात आली. वाचत गेल्यावर मला उलटी वाटही दिसली. शरीराच्या कामगिरीवर समजुतीचा परिणाम होतो आणि प्रयोगात तो झाकून टाकला पाहिजे, हे फार लवकर ज्यांनी ओळखलं त्यांत थकव्याचा अभ्यास करणारे लोक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तुरीन इथे आंजेलो मोस्सो यांनी एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. हात पक्का बांधायचा, एका बोटाने वजन पुन्हा पुन्हा ओढायचं आणि बोट थकत जाताना त्याची रेघ कागदावर उमटवायची. थकवा पहिल्यांदा असा डोळ्यांना दिसू लागला. मग युरोपभर लोकांनी चहा, कॉफी, दारू देऊन या रेघा काढल्या आणि कशाने ताकद वाढते याचे निष्कर्ष छापले.

केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांना या निष्कर्षांत एक भोक दिसलं. हे तेच रिव्हर्स, ज्यांनी निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून १९०६ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं : आपण काय पितोय हे माणसाला ठाऊक असेल, तर रेघ पेयाची आहे की उत्सुकतेची, हे कसं कळणार? म्हणून १९०७ साली वेबर यांच्यासोबत कॅफीनवर प्रयोग करताना त्यांनी चवीने ओळखू येणार नाही असं दुसरं पेय तयार केलं. कधी हे, कधी ते. पिणाऱ्याला पत्ता नाही. अल्कोहोलच्या लहान मात्रांचा जो परिणाम आधीच्या लोकांना दिसला होता, तो असं झाकल्यावर दिसेनासा झाला. हे सगळं १९०८ च्या त्यांच्या पुस्तकात आहे.

आता त्याच वर्षांत कोल्हापुरात काय चाललं होतं ते बघा. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला जाऊन आले होते. त्या प्रवासात रोममधलं प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांना मैदानाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठूनही बसा, कुस्ती दिसते. तालमींना दरबाराचा आश्रय, पैलवानांना खुराक, देशभरातून नामांकित मल्लांची ये-जा. केंब्रिजमध्ये एका बोटाची रेघ मोजली जात होती आणि इथे हजारो डोळे अख्खा माणूस मोजत होते. दोन्हीकडे प्रश्न एकच : ताकद येते कुठून? फक्त रिव्हर्सकडे तुलनेचं पेय होतं. खासबागेत तुलना समोरच्या जोडीशी व्हायची.

ही दोन दृश्यं शेजारी ठेवायला मला आवडतं, पण त्यातून ‘तिकडे विज्ञान, इकडे श्रद्धा’ असा निष्कर्ष काढू नका. वस्तादही प्रयोगच करत असतो. कुठल्या पोराला कुठला खुराक पचतो, किती मेहनतीनंतर अंग मोडतं, हे तो वर्षानुवर्षं बघतो. त्याच्याकडे नसतो तो तुलनेचा गट. एकाच वयाच्या दहा पोरांना थंडाई आणि दहांना नुसतं तसंच दिसणारं पाणी, असं कुठला वस्ताद करेल? केलं तर पोरांचे आईबाप काठी घेऊन येतील.

शब्द मोठा झाला आणि मग जड झाला

दुसऱ्या महायुद्धानंतर औषधांच्या चाचण्या शिस्तीत होऊ लागल्या. १९५५ साली अमेरिकेतले हेन्री बीचर यांनी ‘शक्तिमान प्लासिबो’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध छापला. पंधरा अभ्यास, हजाराहून जास्त रुग्ण आणि सरासरी ३५ टक्के लोकांना प्लासिबोने आराम पडतो, हा आकडा. तो इतका गाजला की पुढची चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. १९९७ साली कीन्ले आणि कीने यांनी तेच अभ्यास पुन्हा उघडून पाहिले. त्यांचं म्हणणं, आजार आपोआप बरा होणं वगैरे गोष्टी बीचरनी प्लासिबोच्या खात्यात जमा केल्या होत्या. म्हणजे माझी चूक मी एकट्यानेच केली नव्हती. थोडं बरं वाटलं.

खेळात हा शब्द आला तो स्टेरॉइडच्या निमित्ताने, आणि संशोधकांनी लक्षात ठेवावा असा भाग इथेच आहे.

१९७२ साली एरियल आणि सॅव्हिल यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. वजन उचलणाऱ्या पंधरा विद्यार्थी खेळाडूंना सांगितलं की ज्यांची प्रगती चांगली होईल त्यांना डायनाबॉल हे स्टेरॉइड मिळेल. निवडलेल्यांना रोज गोळ्या दिल्या. गोळ्यांत औषध नव्हतं. या काळात त्यांची ताकद आधीच्या आठवड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेगाने वाढली. अभ्यास सहा जणांचा. शेजारी गोळीशिवाय तीच मेहनत करणारा गट नाही. तरी निष्कर्ष असा आकर्षक की तो आजही प्रत्येक लेखात येतो.

१९७७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने अधिकृत भूमिका जाहीर केली की स्टेरॉइडने कामगिरी सुधारते याचा निर्णायक पुरावा नाही. त्या काळी डॉक्टर लोकांत एक सूर होता : खेळाडूंना जे वाटतं ते मनाचे खेळ आहेत. इकडे जिममधला खेळाडू आरशात बघत होता. त्याला दिसत होतं की हे मनाचे खेळ नाहीत. १९८४ साली संस्थेने भूमिका बदलली आणि काहींच्या ताकदीत भर पडू शकते हे मान्य केलं. पण मधल्या काळात डॉक्टरच्या शब्दाची पत गेली ती गेलीच. ‘यांनी फायद्याबद्दल खोटं सांगितलं, मग तोट्याबद्दल खरं कशावरून?’ असं खेळाडूंना वाटू लागलं.

नीट वजाबाकी व्हायला १९९६ साल उजाडलं. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांचे चार गट केले : टेस्टोस्टेरॉन आणि व्यायाम, टेस्टोस्टेरॉन पण व्यायाम नाही, प्लासिबो आणि व्यायाम, प्लासिबो पण व्यायाम नाही. दहा आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम. व्यायाम न करता टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचंही चरबी सोडून उरलेलं वजन सरासरी ३ किलोच्या वर वाढलं, व्यायामासह घेणाऱ्यांचं ६ किलोच्या वर. औषध खरंच काम करतं, हे चार रकान्यांच्या एका तक्त्याने दाखवलं.

इथे थांबून विचार करा. ‘हा प्लासिबो आहे’ हे वाक्य एका पिढीत अभ्यासाचा शेवट म्हणून वापरलं गेलं. ते अभ्यासाची सुरुवात असायला हवं होतं. माझ्या चॅप्टरमध्ये मी नेमकं तेच करत होतो.

मग समजुतीचा खरा वाटा किती?

शून्य नाही. २००० साली क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ४३ सायकलपटूंना ४० किलोमीटर पळवलं. पहिल्या फेरीत सगळ्यांना पाणी. दुसऱ्या फेरीत काहींना सांगितलं तुम्हाला कर्बोदकाचं पेय मिळतंय, काहींना सांगितलं प्लासिबो मिळतंय, काहींना काहीच सांगितलं नाही. आत खरं काय होतं ते वेगळंच वाटलेलं. ‘कर्बोदक’ ऐकलेल्यांची सरासरी ताकद ४.३ टक्क्यांनी वाढली, ‘प्लासिबो’ ऐकलेल्यांची ०.५ टक्के. पेयात प्रत्यक्ष काय होतं याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

त्याच वर्षी मॅगानारिस आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पातळीच्या अकरा पॉवरलिफ्टरना सॅकरिनच्या गोळ्या स्टेरॉइड म्हणून दिल्या. आकडे सुमारे ४ ते ५ टक्के वर गेले. नंतर काहींना खरं सांगितलं. त्यांचे आकडे परत खाली आले. बीडी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मोजक्या सायकलपटूंना कॅफीनच्या नावाखाली प्रत्येक वेळी प्लासिबोच दिला. ‘आज काही नाही’ असं समजणारे १.४ टक्क्यांनी मागे, ‘थोडं कॅफीन’ समजणारे १.३ टक्के पुढे, ‘जास्त’ समजणारे ३.१ टक्के पुढे. यंत्रणेबद्दलही काही कळलंय. इटलीत बेनेदेत्ती यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की आधी मॉर्फीनची सवय लावून नंतर त्याच्या नावाने प्लासिबो दिला तर वेदना जास्त वेळ सोसली जाते, आणि शरीरातल्या नैसर्गिक अफूसारख्या द्रव्यांना अडवणारं औषध दिलं की हा परिणाम पुसला जातो. म्हणजे ‘नुसतं मनातलं’ असं काही नसतं. मनातलं अंगातही असतं.

पण आकडे पाहा. एक टक्का, तीन टक्के, चार टक्के. दोन तुल्यबळ मल्लांत चार टक्के निकाल फिरवू शकतात. मात्र चार टक्क्यांनी कुणी पैलवान होत नाही. पैलवान होतो तो पहाटेच्या जोर-बैठकांनी, दुधा-तुपाने, मटणाने, वर्षानुवर्षांच्या जोडीने. थंडाईत बदाम आहेत, दूध आहे, खसखस आहे. तिला साखरेच्या गोळीच्या रांगेत बसवणं हा तर आहारशास्त्राचाच अपमान. अंगाऱ्याचं वेगळं, मातीतल्या हळदीचं वेगळं, थंडाईचं वेगळं. मी तिघांना एका वाक्यात कोंबलं होतं.

खाशाबांच्या पदकाला हे लावून बघा

आता आपल्या घरचं उदाहरण. खाशाबा जाधव. जन्म १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे, १९५२ च्या हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

सहाव्यावरून तिसरा क्रमांक कसा आला? व्याख्यानांत याचं एक लाडकं उत्तर असतं : जिद्द, आत्मविश्वास, मनाची ताकद. ऐकायला छान. पण वरची वजाबाकी आठवा. १९४८ आणि १९५२ च्या मध्ये काय काय बदललं? लंडनला मातीतला मल्ल मॅटवर उतरला होता, नियमही नवे. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं. वय २२ चं २६ झालं. वजनगट बदलला. चार वर्षं मॅटच्या हिशोबाने तयारी झाली. आणि हेलसिंकीला जायचे पैसे? तेव्हा ते लोकांकडून जमवावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले.

यातला एकही घटक ‘मन’ या रकान्यात बसत नाही. मी म्हणत नाही की जिद्द नव्हती. जिद्द १९४८ लाही असणारच. दोन्ही वेळी जे सारखं होतं त्याने फरकाचं स्पष्टीकरण देता येत नाही. ‘विश्वासाने जिंकले’ असं म्हटलं की गहाण पडलेलं घर गोष्टीतून नाहीसं होतं. मॅट नाहीसं होतं. पोराकडे मॅट नाही, प्रशिक्षक नाही, तिकिटाचे पैसे नाहीत, तरी त्याला ‘मन खंबीर ठेव’ म्हणून पाठवणं मग सोपं जातं. हा मला मॅडमच्या प्रश्नाचा दुसरा अर्थ वाटतो.

तर वाक्याचं काय झालं?

वाक्य गेलं. त्याच्या जागी तीन प्रश्न आले. एक : त्या काळी पैलवान, वस्ताद, आश्रयदाते खुराकाबद्दल काय मानत होते आणि कुठल्या शब्दांत? ‘प्लासिबो’ हा त्यांचा शब्द नव्हता, ‘खुराक लागला’ हा होता. दोन : खुराक कुणाला मिळत होता आणि कुणाला नाही? खर्च कोण करत होतं? याचं उत्तर दप्तरांत शोधता येतं. तीन : एखाद्या गोष्टीवरचा विश्वास माणसाला तालमीत टिकवून ठेवतो का? अंगारा लावून पोरगं जर पहाटे चारला रोज उठत असेल, तर ताकद मेहनतीने आली, पण मेहनतीपर्यंत त्याला आणलं कुणी? हा प्लासिबो नव्हे, ही शिस्तीची गोष्ट आहे. आणि ती इतिहासकाराच्या आवाक्यातली आहे.

तुमच्यासाठी एक काम. आपल्या खर्ड्यात ‘-मुळे’, ‘-चा परिणाम म्हणून’, ‘केवळ मानसिक’ हे शब्द शोधा. प्रत्येकासमोर पेन्सिलीने ‘कशाच्या तुलनेत?’ लिहा. उत्तर सापडलं तर वाक्य ठेवा. नाही सापडलं तर खोडा किंवा त्याचा प्रश्न करा. व्हायवाला बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न विचारतात, फक्त तेव्हा हातात पेन्सिल नसते.

शेवटचं. चॅप्टरसाठी एका जुन्या वस्तादांना भेटलो होतो. मी विचारलं, मातीत हळद-ताक घातल्याने खरंच फरक पडतो का? ते हसले आणि म्हणाले, “पोरा, माती मऊ राहते, खरचटलं तर बरं. बाकी फरक कशानं पडतो ते तू शोध, तुला त्याचाच पगार मिळतोय.” मग आवाज उतरवून म्हणाले की हल्लीची पोरं डबे आणि सुया कुठून आणतात ते मला कळत नाही, विचारलं तर सांगत नाहीत.

तालमीतल्या त्या पोराला जाऊन ‘हे सगळं मनाचं आहे’ असं सांगू नका. १९७७ ला तेच झालं होतं. त्याला सांगायचं तर पूर्ण सांगा : सुईतलं औषध काम करतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे आणि म्हणूनच त्यावर बंदी आहे. डब्यातलं काय काम करतं ते डब्यावरच्या चित्रावरून कळत नाही. आणि त्यातले दोन-चार टक्के तुझ्या समजुतीचे आहेत, ते सुईशिवायही तुझेच आहेत.

पुढच्या लेखात दप्तरातली मोडी कशी वाचायची यावर बोलू. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त आधी स्वतःला एकदा विचारा, कशाच्या तुलनेत.